जिन्याजवळची फळी

कासारवाडी, शुक्रवार, १९५८

माडीच्या फळ्यांवर काल एकदाच्या चिनी मातीच्या लाद्या बसल्या. बायकोची फार दिवसांची हौस. जिन्याजवळची फळी दबते नि करकरते, हे मी गवंड्याला दाखवलं होतं. तो म्हणाला, "खिळे ठोकलेत राव, आता हलायची न्हाई."

सकाळी खरंच हलली नाही. तिथंच घोटाळा. मी पहिल्या शिफ्टला उठलो की ती फळी करकरते आणि खाली आई चहाचं आधण ठेवते. आज आवाज नाही, म्हणून चूलही नाही. आईला वाटलं, मी आजारी. दुखरे गुडघे घेऊन जिना चढून आली. मी सदरा घालत होतो. उगीच भडकलो तिच्यावर. तसाच बिनचहाचा कंपनीत गेलो.

परत येतो तर खिळे ढिले होऊन नेमकी त्याच फळीवरची लादी तडकलेली. बायको रुसलीय. गवंडी म्हणतो, उद्या लादी बदलतो, फळी आणखी घट्ट ठोकतो. ठोकावी का?

जरा पडलो होतो. आत्ता कंदील लावायला उठलो, तिथं पाय पडला नि फळी करकरली. लगेच खालून आई, "उठलास व्हय रं? चहा टाकते."

गवंड्याला येऊ नको म्हणून सांगायचं. बायकोला काय सांगायचं, ते मात्र सुचत नाही.