झाडाला रविवारची आंघोळ

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकणं हल्ली मलाही जमत नाही, पण कागदावर जमतं. फोनला ही सोय नाही.) तुझा उजवा गुडघा कसा आहे, आणि त्याच्या संगतीने डावाही बिघडला नाही ना? तू मेट्रन असताना तुझ्या पावलांच्या आवाजाने अख्खा वॉर्ड गप्प व्हायचा, तेव्हा भाऊजींचा खोकलाही एव्हाना गप्प झाला असेल असं धरून चालतो. इकडे आम्ही सगळे कुशल आहोत. ‘सगळे’ या शब्दात वनस्पती धरलेल्या नाहीत. त्यांच्याबद्दलच लिहायला बसलो आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. एक तर फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकतो, ही आपल्या घराची जुनी वहिवाट. ती मोडण्याचं माझं वय गेलं. दुसरं म्हणजे मला हळू बोलता येत नाही (शाळेत इतकी वर्षं मुलांपुढे संस्कृतचे शब्द चालवून दाखवल्याचा हा परिणाम), आणि मजकूर बाबांबद्दलचा आहे, जे माझ्यापासून हातभर अंतरावर बसलेले असतात.

जिन्याखालचं घड्याळाचं दुकान बंद करून बाबा आमच्याकडे आले, त्याला आता वर्ष होत आलं. आल्या दिवशी त्यांनी हत्यारांची पेटी पलंगाखाली सरकवली, ती अजून तिथेच आहे. ज्या माणसाने उभा जन्म लोकांची बंद घड्याळं चालू करण्यात घालवला, तो स्वतःच किल्ली संपल्यासारखा खुर्चीत बसून असतो. काहीही विचारा, उत्तर एकच : ‘हं.’ दुसरा उद्योग नसल्याने मी या हुंकारांचं वर्गीकरण केलं आहे. चहा हवा असतानाचा हं शेवटी वर जातो, नको असतानाचा खाली येतो, आणि मी पेपरातलं काही वाचून दाखवलं तर एक लांबट हं निघतो, त्याचा अर्थ ‘आता पुरे’. तुझ्या वहिनीने एकदा युक्ती म्हणून आपलं बंद पडलेलं मनगटी घड्याळ त्यांच्या पुढ्यात ठेवलं. बाबांनी ते उचललं, कानाला लावलं (आम्ही दोघं दाराआड श्वास रोखून उभे), ‘सेल गेलाय’ म्हणाले, आणि ठेवून दिलं. त्या महिन्यातलं त्यांचं ते सर्वांत मोठं भाषण होतं.

अशात आमच्या गल्लीतल्या दंतवैद्याने दवाखान्यातली माशांची टाकी काढून तिथे टीव्ही लावला. टाकी फुकट, दोन माशांसकट, फक्त ज्याने त्याने उचलून न्यायची. (ते मासे समोर बसलेल्या रुग्णांकडे पाहत वाढलेले, त्यामुळे त्यांचाही जबडा कायम उघडा असतो.) त्यांतला एक पुढे येऊन काहीतरी मांडल्यासारखं करतो आणि दुसरा लगेच ते खोडायला धावतो, म्हणून मी त्यांची नावं पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष अशी ठेवली आहेत. पुढे झाडांबरोबर एक गोगलगायही आली. ती सगळ्यांच्या शेवटी, अगदी सावकाश पोचते, आणि मग जागची हलत नाही. तिचं नाव सिद्धान्त. पण टाकी घरात घेतली ती या विद्वत्सभेसाठी नव्हे. ती पाहताक्षणी मला आपल्या दुकानातली टाकी आठवली.

तुला ते दुकान दिसतं का गं अजून? दार उघडलं की ते आधीच्या गिऱ्हाइकाच्या पाठीला लागायचं इतकं अरुंद. खिडकी नाहीच. उजेड म्हणजे बाबांच्या टेबलावरचा तो एक दिवा, आणि तोही खाली मान घालून स्वतःच्या कामात. भिंतीवरची सगळी घड्याळं आपापल्या मताची. फळीच्या टोकाला टाकी, खोळंबलेल्या माणसांनी बाबांची घाई करू नये म्हणून ठेवलेली. शाळा सुटली की आपण बाकावर दाटीवाटीने बसून गृहपाठ करायचो, आई डबा घेऊन यायची, आणि बुडबुड्यांमागे ते हिरवंगार झुडूप डोलत असायचं. ऊन म्हणजे काय हे त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. तरी ते कधी पिवळं पडलं नाही, कधी मान टाकली नाही. बरं, नुसतं तग धरून नव्हतं, वाढतही होतं. माझ्या वाढदिवसाच्या सुमारास त्याला हमखास एक नवी फांदी दिसायची आणि मला वाटायचं, आम्ही दोघं बरोबरीने मोठे होतोय. आणि रविवार! दुकानाचं दार अर्धं ओढून बाबा ते झाड उपटायचे, परातीत ठेवायचे, घड्याळाच्या चाकांवरची धूळ काढायच्या मऊ कुंचल्याने त्याचं पान न् पान घासायचे, नळाखाली धरायचे आणि पुन्हा रेतीत रोवायचे. वर नेहमीचं वाक्य : ‘स्वच्छ ठेवलं की टिकतं.’ घड्याळालाही तेच, झाडालाही तेच, आणि आपल्या नखांनाही तेच.

तेव्हा बेत असा ठरला की दिवाणखान्यात तशीच टाकी, तसंच झाड उभं करायचं, म्हणजे बाबांना आपलं दुकान परत मिळाल्यासारखं वाटेल आणि ते चार शब्द बोलतील. अंधाराची सोय घरात आयती होतीच. आमचं घर तळमजल्यावर, आणि खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत इतकी जवळ की तिच्यावर टाचणीने कागद लावता येईल. दुपारी बारालाही दिवा लावावा लागतो. तुझ्या वहिनीने एकच अट घातली : टाकी फुकट आली म्हणून तिच्या पायी घर विकायचं नाही. म्हणून रेती आणली ती कोपऱ्यावरच्या बांधकामावर उरलेली, मुकादमाला विचारून. ती मी न्हाणीघरात धुतली. धुतली म्हणजे, अर्धी धुतली गेली आणि अर्धी मोरीत गेली. नळदुरुस्तीवाला आला, वाकून मोरीत पाहिलं आणि म्हणाला, ‘काका, आत घर बांधताय का?’ काटकसरीचा अध्याय तिथे संपला. मग दिवा. झाडांना उजेड हवा, म्हणून मी टेबलावरचा दिवा टाकीवर वाकवून अहोरात्र चालू ठेवला. आठवड्याभरात पाणी पालकाच्या सुपासारखं झालं. दोन्ही पक्ष दिसेनासे झाले. आत वाद चालू आहे एवढं बुडबुड्यांवरून कळायचं.

पाणी बदललं, दिवा संध्याकाळपुरता ठेवला, आणि झाडं आणायला शोभेच्या माशांच्या दुकानात गेलो. तिथला दुकानदार प्रत्येक झाडाबद्दल एकच वाक्य बोलतो : ‘सर, हे मरतच नाही. अंधारात फेका, तरी वाढेल.’ पहिलं न मरणारं झाड लांब गवतासारखं होतं. घरी आणून रोवलं, आणि रविवारी बाबांच्या पद्धतीप्रमाणे उपटून, माझ्या दाढीच्या ब्रशने घासून, नळाखाली धरून परत लावलं. दुसऱ्या रविवारी ते घासण्याच्या स्थितीत नव्हतं. दुसरं झाड पिसासारख्या पानांचं. ते पहिल्याच आंघोळीत ब्रशला चिकटून संपलं. तिसऱ्याच्या बाबतीत मी शास्त्राचा आधार घेतला. आमच्याकडे स्थूणानिखनन नावाचा एक न्याय आहे : खांब रोवला की तो हलवून हलवून पाहायचा आणि पुन्हा ठोकायचा, म्हणजे पक्का होतो. त्याप्रमाणे मी ते झाड रोज उपटून मुळं धरली का ते पाहायचो आणि पुन्हा खोचायचो. (न्याय खांबासाठी उत्तम आहे. खांब जिवंत नसतो, हे न्यायात स्पष्ट सांगायला हवं होतं.) आता दुकानदार मला पाहून उभा राहतो. जे मरतच नाही ते नेमाने मारून येणाऱ्या माणसाबद्दल वाटावा तसा एक आदर त्याच्या नजरेत आला आहे. परवा त्याने मागच्या कोपऱ्यातून एक नेचा काढून दिला, स्वस्तात, एका पाकिटात घालून. हा शेवटचा. याची आडवी जाड मुळी मी चांगली चार बोटं रेतीत गाडली आहे, पानं आत्ताच तपकिरी दिसू लागली आहेत, आणि रविवार तोंडावर आहे.

बाबा? बाबा पाहतात. मी आंघोळ घालत असलो की त्यांची खुर्ची थोडी टाकीकडे वळलेली असते. मी ते सुचिन्ह मानतो. तुझी वहिनी म्हणते, पंख्याचा वारा त्या बाजूला लागतो.

आता मुद्द्यावर येतो. तू नर्सिंगच्या होस्टेलवर गेलीस तेव्हा दुकानातलं ते झाड पिशवीत घालून नेलं होतंस, आणि मी किती रडलो होतो. पुढे जेव्हा जेव्हा विचारलं तेव्हा तू म्हणालीस, ‘आहे की रे, अगदी जसंच्या तसं आहे.’ इतक्या बदल्या, इतकी घरं, दोन बाळंतपणं, आणि झाड जसंच्या तसं! याला म्हणतात हात. तेव्हा त्याची एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून पाठव. अंधारात वाढणारा तो मूळ वंश माझ्या हाती लागला तर बाजारातल्या या लेच्यापेच्यांची गरजच नाही. आणि बाबांनी ते ओळखलं, की पेटी पलंगाखालून बाहेर येईल, असं माझं मन सांगतं. माझं मन झाडांच्या बाबतीत चुकलं आहे, पण माणसांच्या बाबतीत अजून पुरतं चुकलेलं नाही.

भाऊजींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद, अजून चालत असले तर.

तुझा आज्ञाधारक (दुसरा मार्ग तू ठेवला नाहीस म्हणून),
धाकटा

ता. क. : पत्र टाकीजवळ ठेवून पाकीट आणायला कोपऱ्यावर गेलो होतो. परत येऊन पाहतो तर पलंगाखालची पेटी खोलीच्या मधोमध उघडी, आणि बाबा डोळ्याला भिंग लावून हे पत्र वाचताहेत. माझं अक्षर मुंगीच्या पावलांचं, चष्म्याने लागलं नाही, म्हणून भिंग काढलं म्हणे. मी दारातच थिजलो. तुझ्याकडे फांदी मागितली आहे तिथे ते थांबले, भिंग डोळ्यावरून खाली पडलं, आणि ताई, बाबा हसायला लागले. खुर्चीचा हात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तुझी वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं ठसका लागला. शेवटी श्वास सापडला तेव्हा म्हणाले, ‘अरे गाढवा, ते प्लॅस्टिकचं होतं!’

मग ते बोलतच राहिले. खरी झाडं त्या अंधारात दर महिन्याला मरायची आणि मी दर महिन्याला भोकाड पसरायचो, म्हणून आईने ते आणलं. त्यावर धूळ आणि बुळबुळीत थर बसायचा, म्हणून रविवारची घासाघीस. आणि मी एकदा आईला विचारलं होतं म्हणे, की मी वाढतो तर झाड का वाढत नाही. तेव्हापासून दर वर्षी माझ्या वाढदिवसाच्या आधी ती बाजारातून एक फांदी आणायची आणि गुपचूप मधे अडकवून द्यायची.  बाबांनी मग बोटांवर फांद्या मोजल्या आणि म्हणाले, ‘नंतर नंतर तसला हिरवा रंग मिळेना. तुझी आई चार-चार दुकानं फिरायची.’

आणि तू! तुला सगळं ठाऊक होतं. ‘अगदी जसंच्या तसं आहे’ या वाक्यात एकही अक्षर खोटं नाही हे मान्य, आणि म्हणूनच तुला क्षमा नाही. माझ्या तीन झाडांचं पाप अर्धं तुझ्या माथी.

ता. क. २ : नेच्याचं पाकीट केराच्या टोपलीत होतं. त्यावर मुंगीहूनही बारीक अक्षरांत काहीतरी छापलेलं. मी ते नक्षी समजलो होतो. बाबांनी भिंगातून वाचलं : ‘मुळी गाडू नये. दगडाला बांधावी.’ माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग पेटीतला चिमटा आणि दोरा काढून त्यांनी तो नेचा एका दगडावर बांधला. हात एकदाही कापला नाही. गाठ इतकी बारीक की दिसत नाही. दगड त्यांनी दिव्यापासून लांब, सावलीत ठेवायला लावला. आता खुर्ची पंख्याच्या नव्हे, टाकीच्या समोर आहे. तुझ्या वहिनीच्या घड्याळात सेलही बसला.

ता. क. ३ : हे पत्र अजून टाकलेलं नाही. आज सकाळी नेच्याला एक गुंडाळलेलं हिरवं टोक दिसलं. बाबांच्या मते ते बायकी घड्याळातल्या केसासारख्या स्प्रिंगएवढं आहे, आणि भिंगातून दोनदा पाहून झालं आहे. आज रविवार. सवयीने माझा हात टाकीत गेला, तर बाबांनी मनगटावर चापट मारली. ‘जिवंत आहे ते. राहू दे.’ मग दुपारभर चैन पडेना त्यांना. दोनदा परात कुठे आहे विचारलं, कुंचला धुऊन वाळत घातला.

तेव्हा ताई, आधीची विनंती रद्द. फांदी पाठवू नकोस. अख्खं झाड घेऊन स्वतः ये, गुडघ्यांसकट. रविवारी आंघोळ घालायला काहीतरी हवंच ना त्यांना.