क्रेनची आडवी चाल

अण्णा, काल सोलापुरात नातीसाठी रिमोटवर उडणारं हेलिकॉप्टर घेतलं. खोक्यांवर दोन, तीन, चार, सहा चॅनेल असं छापलेलं होतं. मला वाटलं, जास्त चॅनेल म्हणजे जास्त लांब उडत असेल. दुकानदार म्हणाला, “तसं नाही मावशी. एक चॅनेल म्हणजे तुमच्या हातातली एक वेगळी चाल. दोनमध्ये वर-खाली आणि वळणं. तीनमध्ये पुढं-मागंही जातं. चौथा असला की तोंड न वळवता आडवं सरकतं. सहाचं हात बसलेल्यांसाठी. तुम्ही तीनवालं घ्या, सोपं पडतं.” मी विचारलं, “तीनवालं भिंतीकडं सरकायला लागलं तर?” “तोंड वळवायचं आणि पुढं काढायचं.” “तेवढा वेळ नसला तर?” तो हसला. “मग आपटतं. खेळणंच आहे, मावशी.”

मी तिथल्या स्टुलावर जरा बसले. डोळ्यांसमोर तुमची क्रेन आली. सहकारी साखर कारखान्यात तुम्ही ती चालवायचात. बैलगाडीत उसाखाली साखळ्या टाकलेल्या असायच्या. त्या हुकाला अडकवून सगळा ऊस एकदम उचलायचा, आडवा न्यायचा आणि गव्हाणीत सोडायचा. तिथून तो आत गाळपाला जायचा. वर-खाली करायला एक दांडा, लांबीनं न्यायला दुसरा, आडवं न्यायला तिसरा. कारखाना बंद असताना तुम्ही मला एकदा केबिनमध्ये नेलंत. मी बसल्या बसल्या दोन दांड्यांना हात घातला आणि हातावर फटका बसला. “दांड्याकडं काय बघतीस? खाली माणूस उभा असतोय, त्याच्याकडं बघ.” खाली तर कुणीच नव्हतं. मला लई राग आला होता.

मग तो दुष्काळाचा हंगाम. ऊस आधीच थोडा, त्यात वाळलेला. तुळजापूर, तेरकडनं आलेल्या गाड्या उन्हात थांबल्या की आणखी वाळायचा, वजन घटायचं. नेमका तेव्हाच आडव्या चालीचा दांडा धरेना. ओढला तर कधी चालायची, कधी न्हाय. तुम्ही खाली उतरलात. मी तुमचा डबा घेऊन आले होते, म्हणून सगळं ऐकलं. कारखान्याचे साहेब म्हणाले, “दोन चाली आहेत ना? मोळीला झोका द्या, जाईल गव्हाणीवर.” तुम्ही म्हणालात, “झोका दिला की मोळी माझ्या हातात ऱ्हात न्हाय, साहेब. खाली बैलं सोडणारी माणसं हायती.” गाडीवाल्यांनी शिव्या घातल्या. एक म्हातारा तर हात जोडून उभा राहिला. तुम्ही त्याच्याकडं बघितलं नाही. साहेबांनी दुसऱ्याला वर चढवलं आणि तुम्हाला भट्टीची राख वाहायला लावलं.

संध्याकाळी तुम्ही चुलीपाशी बसून भाकरी खाता आहात, अंगावर राख तशीच. आई भाकरी थापतेय. आणि चौदा वर्षांची मी विचारते, “भ्यालात व्हय, अण्णा?” तुम्ही घास गिळला, मग म्हणालात, “व्हय.” एवढंच.

वाईट काहीच झालं नाही, हे लिहायलाच हवं. दुसऱ्यानं चार दिवस झोके देऊन ऊस टाकला, कुणाला खरचटलं नाही. पाचव्या दिवशी दांडा दुरुस्त झाला. तुम्ही बरोबर होतात असं म्हणायची कुणावर वेळच आली नाही, म्हणून कुणी म्हणालं नाही. हंगाम संपेपर्यंत तुम्ही राखेवरच होतात. नंतर पुन्हा केबिन मिळाली, पण गाडीवाले तुम्हाला हाक मारेनात.

मी चार चॅनेलवालं घेतलं. दुकानदार म्हणाला, अवघड जाईल, आधी तोलच सापडणार नाही. खरं आहे. सकाळपासून तीनदा आपटलंय. तरी ते कपाटाकडं सरकलं की अंगठा आडवा दाबते आणि ते बाजूला होतं, तेव्हा बरं वाटतं. तुमच्या वयाच्या पुढं गेले मी, आणि तुम्ही कशासाठी उतरलात हे आत्ता हाताला कळतंय.

एक सांगायचं राहिलं. त्या चार दिवसांत शाळेतल्या मुली कारखान्याच्या तारेपाशी उभ्या राहून क्रेन बघायच्या. मोळी झुलत जाऊन बरोबर गव्हाणीत पडली की टाळ्या वाजवायच्या. एकीनं मला विचारलं, “तुझं वडील हायती न्हवं वर?” मी व्हय म्हणाले.