दादाच्या गाडीचा चार्जर

बाबा, मागच्या महिन्यात दादा त्याची नवी गाडी घेऊन जबलपूरला आला होता. गाडी कसली, चाकांवरचं घरच. आत पलंग, ओटा, फ्रिज, आणि ते सगळं चालवायला सीटखाली दोन मोठ्या बॅटऱ्या. जिथे मुक्काम तिथल्या बोर्डातून वायर ओढायची आणि चार्जर लावून त्या भरून घ्यायच्या. तुमचं व्होल्टेज मोजायचं मीटर त्याने समोरच्या काचेपाशी शोभेला ठेवलंय. ते पाहिलं आणि माझा जळफळाट झाला. या वयात.

मी आठ-दहा वर्षांची आहे. खमरियाच्या क्वार्टरात रविवारी तुम्ही तेच मीटर घेऊन बसता, दादा तुमच्या शेजारी. "परक्या बोर्डात आधी मीटर, मंग प्लग," तुम्ही त्याला सांगता. मी दारात येते. "तू काहून येऊन राहिली इथं? जा, आईला पोळ्या लाटू लाग." मी लाटते आणि तिथून सगळं ऐकते. पुढे दादा बँकेत गेला, वायरमन मी झाले. सदर बाजारात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. तरी हे जग सोडताना मीटर तुम्ही त्यालाच दिलंत.

त्याने आमच्या अंगणातल्या बोर्डात प्लग लावला आणि म्हणाला, "चलो, आता चहा." चहा संपायच्या आत गाडीतून जळका वास आला. चार्जर गेला होता. खांबावरची न्यूट्रलची तार सैल झाली की आमच्या ओळीत व्होल्टेज असंच चढतं. दादा पायरीवर बसला. "बाबांचं मीटर सोबत घेऊन फिरून राहिलो, अन् मीच मोजलं नाही. हे तूच ठेव." मी ठेवलं. नव्या चार्जरच्या आधी मी एक कटआउट बसवून दिला, व्होल्टेज चढलं की तो स्वतःच लाईन तोडतो. दादा अजून फोन करून माझं कौतुक करतो.

खरं तर हे दादाला लिहायला बसले होते. वर नाव तुमचं घातलं, कारण तुम्हाला ते पाठवावं लागत नाही. त्या सकाळी तो यायच्या आधीच मी तो बोर्ड तपासला होता. दोनशे तीस हवं तिथे दोनशे ऐंशी होतं. प्लग हातात धरून त्याने मला विचारलं होतं, "लावू ना इथं?"

मी म्हटलं, "लाव."