गाढवावरच्या फोटोचा गृहपाठ

लेस्टर,
शनिवार, १५ मार्च २००८

ती. सुमनमावशी,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. पद्माकरमामालाही सांग. आम्ही तिघं मजेत. स्वानंदची हॉस्पिटलची ड्युटी बदलली, त्यामुळे हल्ली तो रोज घरी जेवतो आणि माझ्या आमटीला नावं ठेवतो. तनिषाला नववं लागलं. मराठीत रागावलेलं तिला सगळं कळतं, उलट उत्तर मात्र इंग्रजीत येतं. थंडी सरत आलीय आणि मी परवा दोन महिन्यांनी बाहेर कपडे वाळत घातले, एवढ्या गोष्टीनंसुद्धा इथे माणूस खूश होतो.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुझ्या मनात येईल. फोन मी दर रविवारी करतेच. मामा उचलतो आणि म्हणतो, सुमन देवळात गेलीय. तुमच्याकडे तेव्हा दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. कऱ्हाडात त्या वेळी कुठलं देऊळ उघडं असतं, हे मी मामाला विचारत नाही. सात महिने तू माझ्याशी बोललेली नाहीस, आणि सात महिने मी इथे सगळ्यांना सांगतेय की आमच्या वेळा जुळत नाहीत. मला तू परत हवी आहेस, म्हणून हे पत्र.

पण आधी शाळेची गंमत सांगते, कारण हे पत्र तिथूनच सुरू झालं.

मी कॉम्प्युटर शिकवते तो इयर एटचा वर्ग तुला माहीत आहे. बारा-तेरा वर्षांची तीस पोरं. जानेवारीत ती सहलीला गेली होती. येताना बसमध्ये दिया नावाची मुलगी तोंड उघडं टाकून झोपली. शेजारच्या ब्रॅडलीनं मोबाइलवर तिचा फोटो काढला आणि इंटरनेटवर आपल्या पानावर लावला. सोमवारपर्यंत तो शाळाभर झाला होता. दिया चार दिवस शाळेत आली नाही. हेडनं मला बोलावलं आणि सांगितलं की इंटरनेटवर काय टाकावं, काय टाकू नये, ते या मुलांना शिकव, चार तास घे.

पहिला तास मी साफ पाडला. पडद्यावर नियम दाखवले, अनोळखी माणसाशी बोलू नका, पत्ता देऊ नका. पोरं जांभया देत होती. त्यांना अनोळखी माणसांची भीती नव्हतीच. त्यांनी जे उद्योग केले होते ते सगळे ओळखीच्या माणसांचे फोटो लावून केले होते, आणि त्यातल्या कुणालाच विचारलेलं नव्हतं.

मग मी दुसऱ्या तासाला कॉम्प्युटर बंदच ठेवायला लावले. गृहपाठ दिला. तुम्ही इंटरनेटवर लावलेला एक फोटो निवडा, ज्यात दुसरं कुणीतरी आहे. त्या माणसाला कागदावर, हातानं पत्र लिहा. तीन गोष्टी सांगायच्या: काय लावलं, कुठे लावलं, आणि विचारलं का नाही. त्याआधी सॉरी म्हणायचं नाही. फोटो ठेवायचा की काढायचा, हे त्या माणसानं ठरवायचं. उत्तर आणून वर्गाच्या भिंतीवर लावायचं, तेही त्याची हरकत नसेल तरच.

मावशी, तू असायला हवी होतीस. पोरांना पाकिटावर पत्ता कुठे लिहायचा हेच माहीत नव्हतं. तिसरा प्रश्न तर कुणालाच सुटेना. 'आय जस्ट डिडन्ट' असं वीस जणांनी लिहिलं आणि मी वीसही पत्रं परत केली. तुझ्याच हाताखाली शिकलेय.

पण उत्तरं काय आली! एकाच्या आजीनं लिहिलं, फोटो खुशाल ठेव, फक्त कवळी घातलेला लाव. देवचे आजोबा बेलग्रेव्ह रोडवर साड्यांचं दुकान चालवतात. देवनं ते साड्यांच्या ढिगावर घोरत असतानाचा फोटो लावला होता. त्यांनी कळवलं, राहू दे, पण खाली दुकानाचा फोन नंबर टाक. आणि ब्रॅडलीनं दियाला लिहिलं की सगळे हसतील आणि मग माझ्याशी बोलतील असं वाटलं म्हणून विचारलं नाही, तू नाहीच म्हणाली असतीस. दियाचं उत्तर एका ओळीचं होतं. काढ, आणि सगळ्यांसमोर सांग की मी काढायला लावला. त्यानं सांगितलं. कानापर्यंत लाल झाला होता. दिया पहिल्या बाकावर बसून ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ना, मला उठून नाचावंसं वाटलं. त्या दिवशी घरी येऊन मी शिरा केला.

फक्त एक भानगड झाली. गृहपाठ देताना देवनं हात वर केला होता.

"मिस, यू डूइंग इट ॲज वेल?"

मी म्हटलं, अर्थात. तोंडातून निघून गेलं. आता पाच आठवडे झाले, भिंतीवर सव्वीस उत्तरं लागली आहेत, आणि देव दर सोमवारी माझ्या टेबलाशी येऊन माझं उत्तर आलं का विचारतो. मी पत्रच टाकलेलं नाही हे त्याला कळलंय, पण पोरगा शहाणा आहे, बोलत नाही.

तर हा माझा गृहपाठ. माझेच नियम, तेव्हा क्रमानं लिहिते.

काय लावलं. गेल्या जूनमध्ये आपण स्केग्नेसच्या समुद्रावर गेलो होतो, तेव्हाचा तुझा फोटो. इथे किनाऱ्यावर मुलांना गाढवावरून फिरवतात. तनिषा बसली, आणि तिनं हट्ट धरला की आजीनंही बसायचं. गाढववाल्यानं तुला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, ही तर माझ्या रोजच्या पोरांपेक्षा हलकी आहे, बसू द्या. तू साडी खोचलीस, तनिषाची टोपी घातलीस आणि बसलीस. छत्तीस वर्षं हेडबाई असलेली माझी मावशी! गाढवाचं नाव डेझी आहे हे कळल्यावर तू म्हणालीस की ही डेझी माझ्या दहावी 'ब'पेक्षा ऐकणारी आहे. आणि मग तू जी हसायला लागलीस ती थांबेनास. तेव्हा मी फोटो काढला.

कुठे लावला. ऑर्कुटवर, माझ्या पानावर. माझ्या ओळखीतले तीनशे जण तिथे आहेत. त्यातले निम्मे तुझ्या शाळेचे. पुढचं मला जानेवारीत मामानं सांगितलं. ऑगस्टमध्ये शाळेचा सुवर्णमहोत्सव होता, तुझा सत्कार होता, आणि कुणीतरी तो फोटो छापून सूचनाफलकावर लावला. वर लिहिलं होतं, 'हेडबाईंची धिंड, स्थळ इंग्लंड'. तू शाल न घेता दारातूनच घरी गेलीस. मी मामाला म्हटलं, मेल्यांना काय लिहावं याची लाज नाही. मामा म्हणाला, हो ना.

मावशी, ते शब्द माझे आहेत. फोटो लावला तेव्हा त्याच्याखाली मीच लिहिले होते. छापणाऱ्यानं फक्त उतरवून घेतले.

हे तुला माहीत नाही. आत्ता तू माझ्यावर फोटोपुरती रागावली आहेस, आणि हे वाचून तू कायमची तुटशील अशी भीती वाटते. म्हणून पाच आठवडे पाकीट रिकामं पडलं होतं.

विचारलं का नाही. 'सुचलंच नाही' असं मी आधी लिहिलं आणि फाडलं. तू नाही म्हणशील हे मला माहीत होतं. आपल्याकडे गाढवावर कुणाला बसवतात, ते मला ठाऊक नव्हतं का? तेच तर मला गमतीचं वाटलं. आई गेल्यावर तू मला वाढवलंस, पण शाळेत भाची म्हणून कधी सवलत दिली नाहीस. दुसऱ्यांना एक छडी, तर मला दोन. तरी पोरं म्हणायची, बाईंची लाडकी, आणि मला लांबच ठेवायची. त्या फोटोखाली दोन दिवसांत साठ जणांनी हसून लिहिलं, आणि मला बरं वाटलं. चाळिशीला आलेल्या बाईला! आणखीही एक कारण आहे आणि तेही तितकंच खरं आहे. तुला इतकं हसताना मी जन्मात पहिल्यांदा बघितलं होतं, आणि ते सगळ्यांना दाखवावंसं वाटलं. पण ते हसू तू आम्हाला दोघींना दिलं होतंस, तीनशे जणांना नाही.

आता सॉरी म्हणायची परवानगी आहे. चुकले मावशी. फार चुकले.

फोटो मी तुझ्या उत्तराची वाट न बघता काढून टाकलाय. त्याच पानावर तीन दिवसांपूर्वी लिहिलंय की ती ओळ माझी होती आणि मी बाईंना विचारलं नव्हतं. कुणीकुणी तो उतरवून घेतला असेल तो मला परत आणता येणार नाही. हे मी वर्गात शिकवते, आता स्वतःही शिकले. माझ्या कॉम्प्युटरमधलाही पुसला. पुसण्याआधी एकच प्रत छापली, ती या पाकिटात आहे. माझ्याकडे आता नाही. ठेव, फाड, चुलीत घाल, जे करशील ते तुझं.

फक्त फाडण्याआधी एकदा नीट बघ. गाढवाकडे नको, शब्दांकडे नको, ते तिथे नाहीतच. स्वतःच्या चेहऱ्याकडे बघ. ही बाई किती आनंदात आहे ते माझ्याइतकंच तुलाही ठाऊक असायला हवं. मग मला काय ते लिही, दोन ओळी लिही, रागाच्या लिही, पण तुझ्या अक्षरात लिही.

तो फोटो घरातून काढून टाकलास तरी चालेल, पण मला मनातून काढू नकोस.

तुझीच म्हणवून घ्यायला आज पहिल्यांदाच तुला विचारणारी,
वरदा