मागच्या सीटखालची टकटक

प्रिय धाकटे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. सव्वा वर्ष झालं, तू माझा फोन उचलत नाहीस, आणि पाच-सहा वेळा करून मीही नाद सोडला. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला दवाखान्यात आपण दोन खुर्च्या सोडून बसलो होतो आणि आई मध्ये बसून एकदा तुझ्याशी, एकदा माझ्याशी बोलत होती, पट्टी बांधलेल्या डोळ्याने. त्या दिवशी मी ठरवलं होतं की आपण होऊन बोलायचं नाही. आज ते मोडते आहे. पण एक आधीच सांगते, मी माफी मागायला लिहीत नाहीये आणि तुला मागायला लावणारही नाहीये. वाचायला बसलीच आहेस तर शेवटपर्यंत वाच.

आधी माझी खबरबात. गाड्यांच्या कंपनीने काढल्यावर मामांनी घरी येऊन समजावलं होतं, की आता या वयात बाईमाणसाने गाड्यांच्या पोटात शिरणं सोडावं, घरी मशीन आहे, चार कपडे शिवावेत. मी त्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी टायरवाल्याच्या दुकानामागची पत्र्याची शेड घेतली. दारावर पाटी लावली, 'गाडीतले आवाज काढून मिळतील'. पाटी रंगवणाऱ्याने ब्रश थांबवून विचारलं, बाई, कुत्र्याचा आवाज काढता की मांजराचा? मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पण पाटी मी तशीच ठेवली. लोक हसायला थांबतात, आणि थांबलेल्यांपैकी निम्म्यांच्या गाडीत काहीतरी वाजत असतंच.

काम तेच, आपलंच. फक्त कंपनीतली हलवणारी यंत्रं नाहीत, म्हणून टायरवाल्याच्या मागचा खड्ड्यांचा रस्ता वापरते. गिऱ्हाइकाला गाडी चालवायला लावते आणि मी मागे आडवी होऊन कान लावते. आवाज आला की एकेक भाग तळहाताने दाबत जायचं, ज्याच्यावर हात ठेवल्यावर गप्प होतं तो चोर. हे तुला काय सांगायचं. डॅशबोर्डची चिवचिव म्हणजे बहुतेक वेळा प्लास्टिकवर प्लास्टिक घासतंय, मध्ये फेल्टची मऊ कापडी पट्टी दिली की संपलं. दाराची करकर रबर पुसून सिलिकॉनचं ग्रीस लावलं की जाते. दातांच्या एका डॉक्टरीणबाईंच्या गाडीचे शॉकअब्सॉर्बर तीन गॅरेजवाल्यांनी बदलून झाले होते, तरी खडखड जाईना. मी सीट काढली तर खाली प्लॅस्टरची अख्खी कवळी, पेशंटच्या दातांचा साचा, दर खड्ड्याला दात वाजवत बसलेली. बाई इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. त्या दिवशी मला तुझी फार आठवण आली. अशी गंमत घरी जाऊन सांगायला मला दुसरं कोण आहे?

कान तुझा माझ्यापेक्षा चांगला, हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगायचे. लहानपणी तिसऱ्या खोलीतला नळ ठिबकत असला तरी तू झोपायची नाहीस, आणि उठून तो बंद करायचं काम माझ्याकडे. त्याच जोरावर मी तुला कंपनीत घेऊन गेले. मोठ्या साहेबांना म्हटलं, हिची परीक्षा घ्या, आणि तू डोळे मिटून सांगितलंस की डाव्या दाराच्या आत एक वायर सुटी आहे. दार उघडलं तर होतीच. आपली ती खोली आठवते ना? गाडी चार खांबांवर चढवायची, इंजिन बंद, आणि खांब तिला गदगदा हलवणार. मी पुढे, तू मागे. आपण बोलायचोही नाही, तू नुसती सीटवर दोनदा टिचकी मारलीस की मी खांब थांबवायचे. नऊ वर्षं आपण अशा गाड्या तपासून सोडल्या, आणि आपण सोडलेली एकही गाडी आवाजासाठी परत आली नाही.

आणि मग त्या अकरा गाड्या. तू हे आठवायचं टाळत असशील, पण मी लिहिणार. मागच्या सीटखालून उजव्या बाजूला टकटक, अकराही गाड्यांत अगदी तीच. तू सीट काढलीस आणि मला हाक मारलीस, कारण तुला तेव्हाच कळलं होतं. सीटबेल्टचा पट्टा जिथे गाडीच्या अंगाला बांधतात तिथला बोल्ट घट्ट बसतच नव्हता, भोकातले आटे कापतानाच बिघडले होते. बोल्ट दोन आट्यांवर लटकून होता आणि पट्ट्याच्या टोकाची लोखंडी पट्टी त्याच्याभोवती वाजत होती. आपण दोघींनी आपल्या विभागाच्या साहेबाला, मऊ बोलण्यावरून आपणच नाव ठेवलेल्या मखमलसाहेबाला, बोलावलं. तो नेहमीसारखा हळू आवाजात, जणू आपल्यावर उपकार करत असल्यासारखा बोलला, की पट्टीखाली फेल्ट लावा, गाड्या आज जायला हव्यात.

मी म्हणाले, "बोल्ट धरत नाहीये. मी सही करणार नाही."

त्याने माझ्याशी वाद घातला नाही. तो तुझ्याकडे वळला. तुझी नोकरी नऊ वर्षांनंतरही कच्ची, नवऱ्याचं काम सुटलेलं, पाचवा महिना लागलेला, हे सगळं त्याला ठाऊक होतं. तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "ताई, तू बाहेर जा. मी बघते." मी बाहेर गेले आणि तू दार लावून घेतलंस. आठवड्याच्या आत मला शिस्तभंगाचं पत्र मिळालं आणि तुझी नोकरी पक्की झाली. मला राग नोकरी गेल्याचा नव्हता. तू मला बाहेर जा म्हणालीस त्याचा होता.

माझंही चुकलं ते लिहिते, म्हणजे सगळं तुझ्याच माथी मारल्यासारखं होणार नाही. मी मोठ्या साहेबांच्या नावे त्या बोल्टबद्दल अर्ज दिला, पोच घेतली आणि घरी आले. मला वाटलं, आता वरचे लोक गाड्या थांबवतील. त्यांनी थांबवल्या की नाही, हे बघायला मी पुन्हा गेले नाही. रुसून बसले. रुसण्यात माझं वर्ष गेलं आणि त्या वर्षात त्या गाड्या रस्त्यावर फिरत राहिल्या.

गेल्या महिन्यात माझ्याकडे एक शिंपी आला. शांत माणूस, मागे पट्ट्याला बांधलेल्या छोट्या खुर्चीत चार वर्षांची नात. म्हणाला, काही दिवसांपासून मागून काहीतरी टकटकतंय, नात म्हणते गाडीत कोणीतरी दार वाजवतंय. खड्ड्यांच्या रस्त्यावर पन्नास पावलंसुद्धा जायला लागली नाहीत. मी नातीला उतरवलं, सीट काढली, आणि पट्टीखाली झिजून चाळण झालेला फेल्ट सापडला. चारही कोपरे गोल कापलेले. धारदार कोपरा लवकर उखडतो म्हणून असे गोल कापणारं माणूस मला जगात एकच माहीत आहे. मी पट्टा हाताने ओढला. नुसता हाताने, धाकटे. बोल्ट निघून माझ्या मांडीवर पडला. शिंपी बघत होता. त्याने नातीला उचलून घेतलं आणि ती उतरायचं म्हणत असतानाही खाली सोडलं नाही.

बोल्ट, फेल्ट, सगळं मी डब्यात घालून ठेवलं, फोटो काढले. आटे लेथवाल्याकडून नवे पाडून पट्टा नीट बसवून दिला, आणि शिंप्याची तक्रार आणि माझ्या जुन्या अर्जाची पोच घेऊन आम्ही दोघं वाहन तपासणीच्या कार्यालयात गेलो. त्यानंतर कंपनीचा माणूस शेडवर आला. गोड बोलला. म्हणे जुनी जागा परत मिळेल, शिवाय बढती, फक्त तक्रार मागे घ्या. मी एका गाडीखाली होते, तिथूनच त्याला सांगितलं की पाय जरा बाजूला घ्या, उजेड अडतोय. तो तासभर उभा राहिला आणि गेला. मग वकिलाची नोटीस आली. ती मी शेडच्या दारावर, पाटीच्या खाली चिकटवली आहे, येणारी-जाणारी गिऱ्हाइकं वाचतात. मामा पुन्हा आले होते. म्हणाले, मोठ्या लोकांपुढे जरा नमतं घ्यावं. या खेपेला मी चहाही केला नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते. कंपनीने कार्यालयाला उत्तर दिलंय, त्याची नक्कल सोबत जोडली आहे, तिसरं पान वाच. त्यात लिहिलंय की फेल्ट लावायचा निर्णय तपासणी करणाऱ्या बाईने परस्पर घेतला, अधिकाऱ्यांना काहीही कल्पना नव्हती, आणि पुरावा म्हणून खाली तुझी सही. मखमलसाहेबाचं नाव कुठेही नाही. त्या महिन्याच्या नोंदवहीची पानं म्हणे सापडत नाहीत, म्हणून बाकीच्या दहा गाड्या कुणाकडे आहेत ते कुणालाच कळत नाही. पण तू प्रत्येक गाडीचा नंबर तुझ्या स्वतःच्या वहीत उतरवायचीस, आणि तू काही फेकून देणारी नाहीस. येत्या मंगळवारी सकाळी अकराला सुनावणी आहे. ती वही घेऊन ये. आलीस तर मखमलसाहेबाने काय सांगितलं ते आपण दोघी मिळून सांगू. नाही आलीस तरी मी सांगणार. तुझ्याबद्दल विचारलं तर खोटं बोलणार नाही. म्हणेन, हो, सही माझ्या बहिणीची आहे, आणि ती करताना तो तिच्या खांद्याशी उभा होता, तिने पेन दोनदा खाली ठेवलं आणि त्याने ते दोनदा तिच्या हातात दिलं. दार तू लावलं होतंस, पण मी काचेपाशीच उभी होते. हे तुला कधी सांगितलं नाही, कारण रागावून राहणं सोपं होतं. ते तुला एकटीला बळी देऊ बघताहेत आणि मी ते होऊ देणार नाही, तुला माझा कितीही राग आला तरी. दहा घरं त्या सीटवर रोज कुणालातरी बसवताहेत. मंगळवारी साडेदहापासून मी कार्यालयाच्या फाटकाशी उभी असेन.

तू बोललीस, न बोललीस, तरी तुझीच,
ताई