रूपावरचा दगड

डोंगरकडा,
माघ वद्य पंचमी, शके १८६३

रूपाच्या बाबांस पार्वतीचा नमस्कार.

तुमचं तिसरं पत्र पोचलं. घरी सगळं ठीक. तूर खळ्यावर आली आहे. सासूबाईंचे गुडघे धरलेत, जीभ मात्र चांगली चालते. म्हैस व्याली. टोणगा झाला, म्हणून दिवसभर कपाळाला हात लावून बसल्या. रूपा झाली तेव्हाही अशाच बसल्या होत्या.

दगडाची काळजी करू नका, तो सुरक्षित आहे. महिनाअखेर तुमच्या भूगर्भ खात्याचे साहेब येणार, त्यांना हा दगड दाखवला तरच तुमचा शोध खरा ठरणार आणि अहवालात नाव छापून येणार, हे समजलं. लिहावाचायला तुम्हीच तर शिकवलंत. दगडांवर चिठ्ठ्या डकवायला घरात कोणीतरी हवं होतं.

तुमचे धडे अजून पाठ आहेत. आपल्याकडचा काळा दगड आगीतून आलेला, त्यात समुद्र सापडायचा नाही. हा पैनगंगेपलीकडून लांबून आणलेला. आधी नुसती वाळू, पाण्याच्या तळाशी बसलेली. वर थरांवर थर चढले, दाबाने आणि उष्णतेने तिचं रूप पालटलं, तरी लाटांच्या रेघा राहिल्या. कोट्यवधी वर्षांपूर्वीचं पाणी कुठून कुठे वाहत होतं, ते तुम्ही त्या रेघांवरून सांगता. रूपा त्यांच्यावरून बोट फिरवायची. "बाबांचं पाणी" म्हणायची.

पौषात मी तुम्हाला लिहिलं होतं, पोरीचा ताप उतरत नाही, असाल तसे निघून या. तेवढं मात्र तुम्हाला वाचता आलं नाही. उत्तर आलं की दगड गोणपाटात गुंडाळून, भुसा भरून, चाँद पाशांच्या गाडीने हिंगोली स्टेशनावर पाठव, कोपरा उडता कामा नये.

ते पत्र आलं त्या दिवशी आपल्या घरी चूल पेटली नव्हती.

लहान लेकराला पुरतात. वर जड काही ठेवावं लागतं, नाहीतर कोल्ही उकरतात. आपल्या काळ्या मातीच्या रानात एवढा जड दगड कुठला? सासूबाई म्हणाल्या, "काटे टाका वरून, भागंल. पोरीच्या जातीला काहून येवढी तकलीफ?"

मी चाँद पाशांना ओसरीतला दगड दाखवला. ते मागे सरले. "भाभी, ह्यो तर दादांचा दगड. ते काय म्हनतील?"

"म्हनायला ते हितं हायेत कुठं?" मी म्हणाले. "उचला."

त्यांनी उचलला. रडत होते बिचारे. मी रडले नाही. लाटांची बाजू खाली, तिच्याकडे केली.

तुम्हाला आधी कळवलं नाही, ते मुद्दाम. तुम्ही तिच्याबद्दल एक अक्षर तरी विचारता का, ते मला पाहायचं होतं. त्यानंतर आणखी दोन पत्रं आली. दोन्हींत दगड होता.

आता साहेबांना घेऊन खुशाल या. दगड बांधाशी, बाभळीखाली आहे. चाँद पाशा हात लावणार नाहीत, गावातलं दुसरंही कोणी लावणार नाही. तुम्हालाच उचलावा लागेल. मी अडवणार नाही, शेजारी उभी राहीन. फक्त जपून उचला. जमीन कडक होती, खड्डा फार खोल गेला नाही.

तुमची वाट न पाहणारी,
पार्वती