सोनं यांगानातेसमध्ये नाहीच

४ ऑक्टोबर, सकाळी
नवी वही. जुनीची पानं स्वयंपाकघरातल्या गिनीपिगांनी खाल्ली. तीही नेमकी नकाशाची. हे मला पटत नाही. गिनीपिगाला भूक असते, निवड नसते. कुणीतरी ती पानं त्यांच्यापुढे धरली. धाकट्या बहिणीवर, सोइलावर, माझा संशय नाही. पण घरात तिसरं माणूसही नाही.

५ ऑक्टोबर
थिअरी पुन्हा लिहून काढतो. राजा अताहुआल्पाला गोऱ्यांनी कैद केलं. सुटकेसाठी त्याच्या माणसांनी सोनं आणायला घेतलं, आणि वाटेतच कळलं की राजाला मारलं. सेनापती रुमिन्यावीनं सोनं दडवलं. इथवर सगळं गाव एकमुखानं सांगतं. पुढे फाटे. बहुतेक जण म्हणतात, पलीकडच्या यांगानातेस डोंगरात, धुक्यातल्या तळ्यात. पाद्री म्हणतात, सगळं स्पेनला गेलं. म्हणताना छताकडे बघतात. न्हावी म्हणतो, सोनं नव्हतंच. पण हे सांगताना त्याचा वस्तरा थांबतो.
माझं म्हणणं साधं आहे. ओझेवाल्यांनाही पाठी असतात. यांगानातेसच्या चिखलात माणूस स्वतःला ओढताना रडतो, तो सोनं काय ओढणार? पहिल्याच मुक्कामाला उतरवलं असणार. पहिला मुक्काम म्हणजे आमचा उतार. पुरावा? सहावीत एल्विराबाईंनी स्वतः रचून शिकवलेली कविता:
निजला राजा, निजले सोने
निथळत्या पाण्याच्या उशाशी
झेंड्याच्या दिवशी मी ती साऱ्या शाळेपुढे म्हटली. बाईंनी डोळे पुसले. का पुसले, ते आता कळतं. बाईंना ठाऊक होतं.
उतारावर निथळतं पाणी एकच, गावावरच्या तळ्याखालून येणारा आमचा पाट.

९ ऑक्टोबर
पाणी समितीची अध्यक्ष तार्हेलिया दारात. तळ्याखाली दरड कोसळून पाट फुटलाय. दर शनिवारी मिंगा, घरटी एक माणूस कामाला. जो येणार नाही त्याला पाण्याची पाळी नाही. वर म्हणाली, लेओनिदासबाबा, यंदा गुडघ्याला आधीच विचारून ठेवा.
खालच्या वावरात बटाटा लावलाय, पाळी गेली तर वर्षभर काय वारा खायचा, असं सोइला म्हणाली. तिची झेप बटाट्यापर्यंत.
मी विचार केला. दरड कोसळते ती नेमकी तळ्याखाली. गाव कुदळी घेऊन जमतं तेही तिथंच. शहरातून इंजिनिअर येणार म्हणे, तीन पायांचं यंत्र घेऊन. पाट खणायला यंत्र? आमचे आजोबा नुसत्या नजरेनं पाट काढत.
निश्चय: जायचं नाही. गेलो तर गावाबरोबर एक वाटा. न जाता पाळत ठेवली तर सगळं.

११ ऑक्टोबर
सोइलाला मिंगावर पाठवायचं ठरवलं. माझी हेर म्हणून. तिला तसं सांगितलं. म्हणाली, दादा, मी कुदळीला दांडा कधीच बसवलाय. इतकी तयारी कशासाठी?

१२ ऑक्टोबर, शनिवार
मेंढ्यांच्या वाड्यामागून दुर्बिणीनं पाहिलं. खणतात कमी, हसतात जास्त. दुपारी गवतावर लांब धडपा अंथरला, ज्यानं त्यानं घरचा उकडलेला मका, बटाटे, शेंगा त्यावर ओतल्या, सगळे भोवती बसून खाऊ लागले. त्याआधी तार्हेलियानं मक्याच्या दारूचा पहिला घोट जमिनीला दिला. तो द्यायचाच असतो, मान्य. पण चार पावलं चालून, वाकून, त्याच जागी का?
माझा कोंपाद्रे एलादियो, माझ्या सासरी गेलेल्या मुलीचा धर्मपिता, ह्यानं निघताना पोंचोखाली एक गाठोडं दाबलं.
संध्याकाळी सोइलाला विचारलं, काय निघालं? दगड. आणखी? आणखी दगड. गाठोड्यात काय होतं? उरलेला मका, त्याच्या म्हातारीसाठी. उत्तर पाठ केल्यासारखं होतं.

१५ ऑक्टोबर
शाळेवरून गेलो. माझं बाक गेलं, खिडकी आहे. मुलं कविता म्हणत नव्हती, गणितं करत होती. कवितेतलं 'उशाशी' घोळवत घरी आलो, आणि जागा सापडली. उशी म्हणजे डोक्याची बाजू. पाट आमच्या वावराच्या डोक्याशीच वळतो! बाईंनी आणखी किती स्पष्ट सांगायचं?

१९ ऑक्टोबर, शनिवार
सोइला मिंगावर, मी खड्ड्यात. कोरड्या पाटाच्या अगदी काठाला. गुडघा बरा आहे. कमरेइतकं खोल गेलो, एक जुनं खापर लागलं. रंग तांबूस, राजघराण्यातलं. सोइला म्हणाली, हे आईचं मका भाजायचं खापर, लहानपणी मीच फोडलं होतं. तिला सगळ्यावर हक्क सांगायचा असतो.

२३ ऑक्टोबर
एलादियो आला. खड्ड्यात वाकून म्हणाला, कोंपाद्रे, कुणाला पुरताय?
मी म्हटलं, विहीर खणतोय.
म्हणाला, पाटाच्या काठाला विहीर? तुम्ही नदीवर आंघोळीला जाताना घरून बादली भरून नेत असाल.
मग एकदम आवाज उतरवला. शनिवारी पाणी सोडणार आहेत, त्याआधी हे बुजवा, काठ धरणार नाही. हवं तर मी येतो हात लावायला.
हात लावायला. समजलो. इतका जवळ आलोय की त्याला झोप येत नाही. तो गेल्यावर आणखी खोल खणलं.

२६ ऑक्टोबर, शनिवार
पाणी सुटलं. वरून माणसं पाण्याबरोबर चालत येत होती, कुणी बासरी वाजवत होतं. मी काठावर उभा होतो. पाणी वळणापर्यंत आलं, थबकल्यासारखं झालं आणि काठासकट माझ्या खड्ड्यात गेलं. तिथून आमच्या वावरात. बटाट्याचे वरचे वाफे वाहून गेले. खालच्या घरची माणसं कोरड्या पाटात फावडी टेकून वाट बघत राहिली.
मात्र खड्ड्यातून बुडबुडे आले. याचा अर्थ आत पोकळी आहे. मी हे सर्वांना समजावून सांगितलं. एलादियो म्हणाला, कोंपाद्रे, सोनं तुम्हीच ठेवा, आमचं पाणी तेवढं द्या.
सोइला नेसत्या कपड्यानिशी चिखलात उतरली आणि गवताची ढेकळं काठाला लावू लागली. मग तार्हेलिया उतरली. मग सगळेच. मला कुणी फावडं दिलं नाही.

३० ऑक्टोबर
सभा. मी म्हटलं, गेले ते वरचे वाफे, खालचा बटाटा अजून उभा आहे, पाळी तोडू नका. तार्हेलिया म्हणाली, तोडत नाही, तुमच्या घरचं माणूस प्रत्येक मिंगाला होतं. मी मान डोलावली. ती पुढे म्हणाली, म्हणून ह्यापुढे पाळी सोइलाच्या नावावर. सभेतलं मतही तिचं.
आजोबांची पाळी बाबांकडे आली, बाबांची माझ्याकडे. मी उठून हरकत घेतली की तिला मिंगावर मीच नेमलं होतं. सभा हसली. पाद्रीही हसले. एलादियो हसला नाही, त्यानं मला हाताला धरून खाली बसवलं. ते जास्त लागलं.

५ नोव्हेंबर
आज पाळी होती. सोइला वावरात पाण्याची दारं धरून उभी. वर पाटात पाणी अडवणारी फळी उचलायला कुणीतरी हवं होतं, म्हणून गेलो. तिथं पाणी राखायला एक नवी पोरगी बसली होती, मला ओळखत नव्हती. म्हणाली, आजोबा, फळीला हात लावू नका, पाळी कुणाची आहे?
खाली बघितलं. सोइला कपाळावर हात धरून वर बघत होती.
सोइलाची, म्हटलं. मी तिच्या घरचा.